तंदुलमत्स्य, मॅजिकार्प आणि पेढीवरचा काळा मासा

पेढीवर गल्ल्याच्या शेजारी, बहुधा उत्तरेच्या किंवा ईशान्येच्या भिंतीला लागून, मासे ठेवलेली काचेची पेटी असणे ही गोष्ट आता व्यापारी बाजारपेठांत नवी राहिलेली नाही. सोलापूरच्या चादरींच्या दुकानांत ती दिसते, इचलकरंजीच्या सुताच्या गाळ्यांत दिसते, पुण्या-मुंबईच्या सराफी पेढ्यांत तर ती सजावटीचा भागच झाली आहे. ज्या घरात सूर्यास्तानंतर ताट वाढले जात नाही, पाणी गाळल्यावाचून ओठाला लागत नाही, बिस्किटाच्या पुड्यामागचे बारीक अक्षर भिंगाखाली धरून वाचले जाते, त्याच घराच्या पेढीवर ही पेटी असते आणि तिच्याविषयी कोणी काही विचारीत नाही. त्याच घरातील नातवंडांच्या हाती मोबाइल असतो, त्या मोबाइलवरही एक मासा उड्या मारीत असतो, आणि त्याच्याविषयी मात्र वडीलधारी मंडळी पुष्कळ बोलतात. या दोन्ही माशांविषयी येथे मत द्यायचे आहे. त्यांतले कठोर मत काचेतल्या माशाविषयीचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

पेटीत बहुधा नऊ मासे असतात. आठ सोनेरी, एक काळा. ही संख्या चिनी फेंगशुईतून आली आणि वास्तुशास्त्राच्या नावाखाली आपल्याकडे रुजली. सोनेरी मासे लक्ष्मी आणतात आणि काळा मासा पेढीवरची नजर, संकट, कोर्टकचेरी आपल्या अंगावर घेतो, असे सांगितले जाते. एखाद्या सकाळी काळा मासा उलटा तरंगताना दिसला, तर मालकाला वाईट वाटण्याऐवजी हायसे वाटावे अशीच या समजुतीची रचना आहे. "गेलं एकदाचं विघ्न," असे म्हणून नोकराला दुसरा काळा मासा आणायला पाठविले जाते. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात तो सहज मिळतो आणि त्याची किंमत पेढीच्या एका दिवसाच्या चहाएवढीही नसते.

मासा हा पंचेंद्रिय जीव आहे, हे पाठशाळेतील मुलालाही ठाऊक असते. अष्टमंगलांतील मीनयुगल श्वेतांबर मंदिरांच्या तोरणांवर कोरलेले असते आणि दिगंबर परंपरेत मत्स्य हे अरनाथ भगवंतांचे लांछन आहे. अशा जिवाचा मृत्यू जमेच्या बाजूला लिहिणारी खतावणी कोणत्या मुनिमाने लिहिली, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. संकट टळावे म्हणून दुसऱ्याचा जीव पुढे करणे याला जुन्या भाषेत बळी म्हणत. त्याविरुद्ध जैन आचार्यांनी शतकानुशतके लिहिले आहे. फरक एवढाच की, येथे सुरी नाही. हवा सोडणारा लहानसा पंप आहे आणि निळा दिवा आहे.

मासे मरतात ते संकट ओढून घेतल्याने नव्हे. ते कशाने मरतात हे समजून घेणे फारसे कठीण नाही. मासा आपल्या शरीरातील टाकाऊ नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. नदीत वा तळ्यात ते विष विरून जाते. पेटीत ते साचते. न खाल्लेला दाणा कुजला की त्यात भर पडते. निसर्गात या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे सूक्ष्म जिवाणू असतात. पहिली दोन रूपे माशाला घातक, तिसरे त्या मानाने सौम्य. नव्या पेटीत हे जिवाणू नसतात. गाळणीच्या स्पंजावर आणि खड्यांवर त्यांची वस्ती जमायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. पेढीचे उद्‌घाटन मुहूर्तावर असते, पेटी आदल्या दिवशी येते, त्याच संध्याकाळी तीत नऊ मासे सोडले जातात आणि दोन-तीन आठवड्यांत त्यांतले निम्मे जातात. याला विघ्न म्हणण्यापेक्षा घाई म्हणणे योग्य.

पुढची चूक स्वच्छतेच्या ओढीतून होते. दर रविवारी पेढीवरचा मुलगा मासे बादलीत काढतो, सगळे पाणी ओततो, खडे नळाखाली खळखळून धुतो, स्पंज पिळून काढतो आणि पेटी नव्यासारखी चकचकीत करून पुन्हा भरतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. त्याने माशांचे कल्ले पोळतात आणि मोठ्या कष्टाने जमलेले जिवाणूही मरतात. म्हणजे पेटी दर रविवारी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. जाणते लोक आठवड्याला चौथाई पाणी बदलतात, क्लोरीन घालविणारे थेंब टाकलेलेच पाणी वापरतात आणि स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच चेपतात. ती पेटी चकचकीत दिसत नाही, तिच्या काचेवर थोडे शेवाळ असते, म्हणून गिऱ्हाइकाला ती अस्वच्छ वाटते. तीतले मासे मात्र जगतात.

गोल काचेच्या भांड्याविषयी तर बोलणेच नको. चार-पाच लिटर पाणी, गाळणी नाही, वर निमुळते तोंड, त्यामुळे हवेशी पाण्याचा संपर्क कमी. एका गोल्डफिशसाठी पाऊणशे लिटरच्या आसपास पाणी असावे, असे अनुभवी पाळणारे सांगतात. साधा गोल्डफिश नीट वाढला तर फूटभर लांब होतो आणि दहा-वीस वर्षे जगतो. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या थर्स्क गावी १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे जगला. गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद आहे. पेढीवरच्या माशाचे आयुष्य दोन-चार महिन्यांचे असते असे मालकाला प्रामाणिकपणे वाटत असते, कारण त्याने त्याहून जुना मासा पाहिलेलाच नसतो.

गोल्डफिशची स्मृती तीन सेकंदांची असते, हेही असेच ऐकीव. इस्राएलमधील बेन-गुरियन विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली चाकांवर ठेवलेल्या पाण्याच्या पेटीत गोल्डफिश सोडला आणि मासा ज्या दिशेला वळेल तिकडे गाडी जाईल अशी योजना केली. थोड्या सरावाने माशाने ती गाडी खोलीतील ठरलेल्या खुणेपर्यंत नेली. २००३ साली ब्रिटनमध्ये ट्राउट माशाच्या ओठांजवळ वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंची नोंद झाली. पंचेंद्रिय हा शब्द ज्यांनी जन्मापासून ऐकला आहे त्यांना अशा प्रयोगांची गरज नाही हे खरे. पण ज्यांना शब्द पाठ आहे आणि अर्थ विसरला आहे, त्यांच्या उपयोगी ते पडतील.

आता आहाराचे. जी गृहिणी चॉकलेटच्या वेष्टनावर जिलेटिन नाही ना हे पाहते, तिने एकदा माशांच्या दाण्याच्या डब्याची मागची बाजू वाचावी. पहिलाच घटक बहुतेक वेळा माशांचे पीठ असतो, दुसरा कोळंबीचे. गोल्डफिश मिश्राहारी आहे. स्पिरुलिनाच्या गोळ्या, उकडून साल काढलेला वाटाणा, पालक यांवर त्याचे बऱ्यापैकी भागते. फायटर मात्र मूळचा कीटकभक्षी आहे. त्याला शाकाहारी करण्याचा प्रयत्न म्हणजे त्याला हळूहळू उपाशी मारणे. फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना हे दोन मासे भाग्यवर्धक म्हणून हजारो रुपयांना विकले जातात. त्यांच्यापुढे कित्येक ठिकाणी जिवंत लहान मासे टाकले जातात. फ्लॉवरहॉर्न तर निसर्गात नाहीच. गेल्या शतकाच्या अखेरीस मलेशियाकडे संकराने घडविलेला तो मासा, कपाळावरच्या फुगवट्यासाठी घडविलेला. ते कपाळ कुबेराचे आहे असे विकणारा सांगतो. त्या कपाळासाठी पेढीवर रोज काय घडते ते गिऱ्हाईक पाहत नाही, मालकही बहुधा पाहत नाही; नोकर पाहतो.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतला पहिला बंध आणि पाचवा अन्नपाननिरोध. गायी-बैलांच्या संदर्भात त्यांचे विवेचन वर्षानुवर्षे ऐकले जाते. काचेच्या पेटीला ते लावून पाहण्याची वेळ आली आहे, एवढेच येथे म्हणायचे आहे.

सरकारलाही एकदा तसे वाटले होते. मे २०१७ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मत्स्यालये आणि शोभेच्या माशांची दुकाने यांसाठी नियम जाहीर केले. मासे ठेवण्याच्या भांड्यांविषयी बंधने, मोठ्या मत्स्यालयात पूर्णवेळ जाणकार, काही जातींच्या विक्रीला मनाई, असे त्यांत बरेच काही होते. व्यावसायिकांनी विरोध केला, हजारो कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न पुढे आला आणि नियम मागे घेतले गेले. विरोध अगदीच निराधार नव्हता. शोभेच्या माशांवर चेन्नईजवळच्या कोळत्तूरसारखी गावे जगतात. तरीही नियम गेले आणि गोल भांडे राहिले, ही गोष्ट उरतेच.

योगायोग असा की, त्याच मे २०१७ मध्ये जपानमधून एक मासा जगभरच्या मोबाइलवर आला. त्याचे नाव मॅजिकार्प.

मॅजिकार्पची कुळकथा व्यापारी वाचकाला आवडेल अशी आहे. पोकेमॉन हा मूळ खेळ १९९६ साली जपानमध्ये निघाला. त्यात खेळाडू निरनिराळे प्राणी पकडतो, वाढवितो आणि त्यांची आपसांत लढत लावतो. खेळाच्या आरंभी एका डोंगराच्या पायथ्याशी एक माणूस भेटतो आणि पाचशे नाणी घेऊन एक मासा गळ्यात मारतो. तो मासा म्हणजे मॅजिकार्प. त्याला काहीच येत नाही. लढतीत तो फक्त फडफडतो, आणि त्या फडफडीने समोरच्याला काडीचाही धक्का लागत नाही. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, हे त्या माणसाने आधीच बजावलेले असते. लाखो मुलांनी आयुष्यातली पहिली फसवणूक या सौद्यात अनुभवली असेल. ज्याने धीर धरून त्या निरुपयोगी माशाला विसाव्या पायरीपर्यंत वाढविले, त्याच्या पुढ्यात मात्र तो एका प्रचंड जलसर्पाचे रूप घेतो. धबधबा चढून जाणारा कार्प मासा ड्रॅगन होतो, अशी चीन-जपानकडची जुनी कथा आहे. तिचाच हा धागा.

मूळ खेळ लोकप्रिय झाला की त्यातले एखादे पात्र किंवा एखादा प्रसंग वेगळा काढून त्यावर नवा खेळ उभारतात. याला स्पिनऑफ म्हणतात. व्यापाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पेढीची पत जुनी, तिच्या नावावर धाकट्या भावाने दुसऱ्या गल्लीत वेगळ्या मालाचे दुकान काढावे, तसे हे आहे. काही धाकटी दुकाने स्वतःच्या मालावर चालतात, काही फक्त पाटीवर. स्पिनऑफची पारखही तशीच करावी. पाटी झाकली तर आत काही उरते का?

मॅजिकार्प जंप या स्पिनऑफमध्ये पुष्कळ उरते. सिलेक्ट बटन या छोट्या जपानी मंडळीने तो केला. त्यांनीच त्यापूर्वी मोला-मोला नावाचा अवाढव्य सागरी मासा वाढविण्याचा एक विनोदी खेळ काढला होता आणि त्यातला मासा क्षुल्लक कारणांनी पुन:पुन्हा मरत असे. मॅजिकार्प जंपमध्ये लढत नाही. खेळाडू तळ्यातून एक मॅजिकार्प घेतो, त्याला दाणे देतो, सराव करवितो आणि उंच उडीच्या स्पर्धेत उतरवितो. ज्या फडफडीची मूळ खेळात चेष्टा झाली, तीच येथे कौशल्य ठरते. सर्वांत दुबळ्या पात्राला नायक करणारा हा उपखेळ मूळ खेळापेक्षा अधिक सात्त्विक आहे, असे म्हणायला काहीच प्रत्यवाय नाही. विनोदही निर्मळ आहे. दोष एकच आणि तो ठळक: खेळ फुकट, पण आत हिरे विकायला ठेवलेले. हिरे घेतले की मासा लवकर वाढतो. मुलाच्या हाती फोन देताना त्यात वडिलांचे कार्ड जोडलेले नाही, याची खात्री करून घ्यावी.

या खेळात प्रत्येक माशाची वाढ एका मर्यादेपर्यंतच होते. तेथे पोहोचला, स्पर्धेत हरला, की तो निवृत्त होतो आणि खेळाडू तळ्यातून पुढचा मासा काढतो. पहिल्यानंतर दुसरा, मग तिसरा, पिढीमागून पिढी. कधी पिजिओट्टो नावाचा पक्षी झडप घालून चालू मासा घेऊन जातो, कधी एखादा स्फोट होतो. क्षणभर हळहळ, की पुन्हा तळे आहेच.

यावर एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या घरी आजोबा आणि नातू यांच्यात जे बोलणे झाले ते सांगण्याजोगे आहे. आजोबा रोज स्वाध्याय करणारे. नातवाच्या पडद्यावरचा मासा पक्ष्याने उचलून नेला आणि नातू हसला, हे त्यांना खटकले.

"बाळा, तंदुलमत्स्याची गोष्ट ऐकली आहेस ना?" ते म्हणाले. "त्यानं कुणाला मारलं नव्हतं. नुसतं मनात आणलं."

गोष्ट बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. स्वयंभूरमण समुद्रात एक महामत्स्य असतो आणि त्याच्या पापणीत, काही ग्रंथांच्या मते कानात, तांदळाच्या दाण्याएवढा एक मासा राहतो. दिगंबर ग्रंथांत त्याला शालिसिक्थ म्हणतात. महामत्स्य तोंड उघडे टाकून पडलेला असतो. लाटेबरोबर शेकडो मासे आत जातात आणि बरेचसे तसेच बाहेर येतात. दाण्याएवढा मासा हे पाहून मनात तळमळतो: हा किती आळशी, याच्या जागी मी असतो तर एकालाही जिवंत जाऊ दिले नसते. त्याच्या हातून एकही हत्या घडत नाही. तरी तो सातव्या नरकात जातो.

नातू अकरा वर्षांचा. त्याने गोष्ट नाकारली नाही. तो म्हणाला, "पण आजोबा, मी याला खायला घालतो, वाढवतो. पक्षी नेईल असं मला वाटलंच नव्हतं." मग थोडे थांबून त्याने विचारले, "आजोबा, आपल्या पेढीवरचा काळा मासा हा कितवा?"

आजोबांना ते सांगता आले नाही. गल्ल्यावरच्या काकांनाही नाही. नोकराने बोटे मोजली आणि दिवाळीपासूनचा हा चौथा, असे सांगितले.

या प्रश्नात मुलाचा उद्धटपणा पाहणारे भेटतील. वास्तविक त्याने दोन खेळ शेजारी ठेवले, इतकेच. मासा गेला की तळ्यातून दुसरा, हा पडद्यावरचा नियम. मासा गेला की कुर्ल्यातून दुसरा, हा पेढीवरचा. पडद्यावर जे जाते ते रंगीत ठिपके असतात. पेढीवर जे जाते त्याला पाच इंद्रिये असतात. पहिल्याविषयी तंदुलमत्स्य आठवावा आणि दुसऱ्याविषयी काहीच आठवू नये, ही स्मृती तीन सेकंदांचीच म्हणावी लागेल.

तरीही आजोबांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. सोमदेवसूरींनी ९५९ साली पूर्ण केलेल्या यशस्तिलकात आणि यशोधराची कथा सांगणाऱ्या इतर अनेक ग्रंथांत पिठाचा कोंबडा येतो. जिवंत प्राणी मारायचा नाही म्हणून राजा यशोधर आईच्या आग्रहाने पिठाच्या कोंबड्याचा बळी देतो. कोंबडा पिठाचा, संकल्प मात्र खरा. म्हणून माय-लेकांना पशुयोनीत कितीतरी जन्म हिंडावे लागतात. त्यांतल्या एका जन्मी राजा मासाच होतो. पडद्यावरचे प्राणी हे आजच्या काळातले पिठाचे कोंबडेच आहेत. तेव्हा खेळ कोणता, आणि खेळताना मनात काय चालते, हे पाहिलेच पाहिजे. ज्या खेळात मारणे हेच गिऱ्हाइकाला विकले जाते, तो खेळ नुसते चित्र आहे म्हणून निर्दोष होत नाही. ज्या खेळात वाढविणे विकले जाते, तो त्याच तागडीत तोलता येणार नाही. मॅजिकार्प जंप दुसऱ्या पारड्यातला आहे. मुलाच्या हसण्याकडे लक्ष ठेवावे, खेळ काढून घेऊ नये. आणि बंदी घालायचीच झाली, तर ती आधी गल्ल्याशेजारच्या पेटीपासून सुरू व्हावी.

पोकेमॉनच्या दुसऱ्या एका स्पिनऑफवरून आपल्याकडे प्रकरण न्यायालयात गेले होते, हे अनेकांच्या विस्मरणात गेले असेल. पोकेमॉन गो या खेळात रस्त्यावर हिंडून खऱ्या ठिकाणी आभासी वस्तू गोळा करायच्या असतात. २०१६ साली गुजरात उच्च न्यायालयात एक जनहित याचिका आली: खेळातली अंडी हिंदू व जैन मंदिरांच्या जागी मिळतात, त्याने भावना दुखावतात. न्यायालयाने कंपनीला नोटीसही काढली. मंदिराच्या आवारात अंडे, मग ते चित्रातले का असेना, नको वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्या काळात त्या चित्रातल्या अंड्यांची चर्चा घरोघर झाली, त्याच काळात दाण्याच्या डब्यातल्या माशांच्या पिठाची चर्चा कोठे झाल्याचे ऐकिवात नाही.

ज्यांना मुलांसाठी या कुळातला एकच खेळ निवडायचा असेल, त्यांनी पोकेमॉन स्नॅप पाहावा. पहिला १९९९ चा, नवा २०२१ चा. यात पकडणे नाही, लढविणे नाही. छोट्या गाडीतून रान, किनारा, गुहा यांतून जायचे आणि प्राण्यांची छायाचित्रे घ्यायची. प्राणी आपल्या उद्योगात मग्न, पाहणारा पाहण्यात. सफरचंदे फेकून त्यांना जवळ बोलावता येते आणि एखादे नेम धरून डोक्यात मारण्याचा मोहही होतो, तेवढे वैगुण्य आहे. मॅजिकार्प यातही भेटतो, फडफडताना. मूळ खेळाने पकडायला शिकविले आणि स्पिनऑफने नुसते पाहायला, अशी धाकटी पेढी थोरलीहून सरस निघाल्याची उदाहरणे व्यापारातही आहेत.

सीमॅन या १९९९ च्या जपानी खेळाची शिफारस मात्र करवत नाही. माणसाचा चेहरा असलेला मासा, त्याच्याशी मायक्रोफोनमधून बोलायचे, पाण्याचे तापमान व हवा सांभाळायची, आणि त्याने उलट अपमान करायचा, अशी कल्पना. काही दिवस विसरले की तो मरतो. कल्पना जबरदस्त, सहवास नकोसा. त्याचा दुसरा भाग तर मासे सोडून आदिमानव वाढविण्याकडे वळला.

आणि एक खरा मासाही या गोष्टीत आहे. जपानमधील एका यूट्यूब वाहिनीवर पाळीव मासे पोकेमॉन खेळतात. पेटीसमोर कॅमेरा, पेटीचे चौकोन पाडलेले, मासा ज्या चौकोनात जाईल ते बटण दाबले जाते. अशा रीतीने त्यांनी एक पूर्ण खेळ तीन हजारांहून अधिक तासांत संपविला. जानेवारी २०२३ मध्ये मालक जागेवर नसताना खेळ बंद पडला, मासे पोहतच राहिले, बटणे दाबली जातच राहिली. होता होता ते यंत्राच्या दुकानात शिरले, मालकाच्या कार्डावरून पाचशे येन खात्यात भरले आणि मालकाचे नावही बदलून टाकले. पडद्यावरचा मासा पाचशेला विकणाऱ्याची परतफेड जणू त्यांनी केली. व्यापाऱ्याने यातून घ्यायचे ते सोपे आहे: गल्ला उघडा टाकून उठू नये, समोर मासा असला तरी.

ज्यांच्या पेढीवर पेटी आहेच त्यांनी काय करावे, हा प्रश्न राहतो. पहिला विचार मनात येतो तो जीवदयेचा: मासे जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडून द्यावे. हे कदापि करू नये. पेटीत वाढलेला गोल्डफिश उघड्या पाण्यात बगळ्याच्या तोंडी जातो, आणि जो टिकतो तो तेथल्या मूळ माशांना जगू देत नाही. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून पेट्यांत ठेवला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच सुटला. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत तो पसरला, आपल्या उजनीच्या जलाशयातही पोहोचला, आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. एक जीव सोडविल्याचे समाधान घेऊन शंभर जिवांचा घास तोडणे याला अभयदान म्हणता येणार नाही.

सोडणे नाही, तर सांभाळणे. जे आहेत त्यांची त्यांच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत सोय करावी: मोठी पेटी, गाळणी अखंड चालू, दिवा रात्री बंद, आठवड्याला चौथाई पाणी, दोन मिनिटांत संपेल इतकाच दाणा आणि तोही डब्याची मागची बाजू वाचून घेतलेला. घरची मंडळी शिखरजीला आठ दिवस गेली, तर निरोगी मोठा गोल्डफिश तेवढे दिवस अन्नावाचून राहू शकतो. शेजाऱ्याने दयेपोटी ओतलेला मूठभर दाणा कुजला, तर मात्र तो राहत नाही. तेव्हा निघताना चिमटीभर दाण्याच्या पुड्या बांधून, किती दिवसांनी कोणती उघडायची ते लिहून द्यावे. घरात कोणाला हौस असेल आणि जागाही असेल, तर पेटी पेढीवरून घरी न्यावी. गल्ल्याजवळच्या वर्दळीपेक्षा तेथे तिच्याकडे लक्ष राहते.

आणि एखादा गेला, तर त्याच्या जागी दुसरा आणू नये. काळा तर नाहीच. नवाचे आठ होतील, आठाचे सात. नीट सांभाळले तर शेवटचा मासा जायला दहा-पंधरा वर्षे लागतील. तोवर अकरा वर्षांचा नातू गादीवर बसू लागलेला असेल. रिकाम्या पेटीत सुताचे किंवा डाळींचे नमुने छान दिसतात. ती तेथेच राहू द्यावी.